रिप्रेसर म्हणजे निरोधक की दमनकारी?

नाशिकला गंगापूर रोडवर बीएस्सीच्या मुलांना शिकवते. एचपीव्हीचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या व्हायरसचं, प्रकरण चालू आहे आणि मुलांच्या नोट्समध्ये रिप्रेसर म्हणजे निरोधक, इनहिबिटर म्हणजे पण निरोधक! तुम्ही काय वापरता?

– ताई, निरोधक इनहिबिटरलाच राहू द्या. तो शक्यतो तयार झालेल्या एन्झाइमचं काम अडवतो, रिप्रेसर त्याच्या कितीतरी आधी, जीनवरून आरएनएच बनू देत नाही. जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 ला ई. कोलाय बॅक्टेरियाच्या लॅक जीन्सवरून (लॅक्टोज साखर पचवणारे जीन्स) हेच मांडलं होतं. मी दमनकारी वापरतो, बोलताना सरळ 'जीन दाबून ठेवतं'.

– दमनकारीला माझी हरकत नाही सर, पण एचपीव्हीत ई2 या व्हायरसच्याच प्रोटीनला नुसतं दमनकारी म्हटलं की मुलांचा घोळ होतो, कारण ई1 या त्याच्या दुसऱ्या प्रोटीनसोबत व्हायरसच्या डीएनएची कॉपी सुरू करायला पण हेच ई2 लागतं. दाबायचं काम कुठे होतं बघा, जेमतेम 8000 बेसपेअरचा गोल डीएनए, त्यात एका कंट्रोलच्या भागात ई2 बसायच्या जागा, 16 आणि 18 नंबरच्या टाइपमध्ये चार, आणि प्रमोटरला (जीनवरून आरएनए बनणं जिथून सुरू होतं तो भाग) खेटून असलेल्या जागांवर ई2 बसलं की आपल्या पेशीच्या एसपी1 आणि टाटा-बाइंडिंग प्रोटीन या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनना तिथे जागाच मिळत नाही, मग व्हायरसच्या ई6-ई7 जीन्सचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनए बनणं, कमी होतं. हे महत्त्वाचं का, तर आपल्या पेशींची बेफाम वाढ रोखणाऱ्या दोन प्रोटीनपैकी ई6 हे पी53 ला संपवतं आणि ई7 आरबीला निकामी करतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा व्हायरसचा डीएनए आपल्या क्रोमोसोममध्ये घुसताना ई2 च्या जीनमध्येच तुटतो आणि ई6-ई7 मोकाट सुटतात. हीला पेशींमध्ये (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेऊन लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) 18 नंबरचा एचपीव्ही असाच अडकलेला आहे, त्यांच्यात ई2 परत घातलं की वाढ थांबते. हे मुलांना सांगाच, कायमचं लक्षात राहतं.

– म्हणजे ई2 साठी 'दमनाचं काम करतं' असं क्रियापदातच लिहू?

– हो ताई, तेच बरं. 'दमनकारी प्रोटीन' हे नाव व्हायरसच्याच ई8^ई2 या वेगळ्या प्रोटीनला द्या. त्यात ई2 चा डीएनए धरणारा शेवटचा भाग असतो, पण ट्रान्सक्रिप्शन वाढवणारा पुढचा भाग नसतो, म्हणून ते दाबतंच, आणि व्हायरसच्या कॉपी पण आटोक्यात ठेवतं. पेपरात कंसात देवनागरीतच रिप्रेसर लिहायला सांगा, तपासणाऱ्याला पण सोपं जातं.