पाण्याखालील वस्तूमागचा वेक (मागे राहणारा ढवळलेल्या पाण्याचा पट्टा) किती पसरतो आणि कशाने विरतो?

प्रश्न: माटुंगा_द्रव
महाविद्यालयातील टाकीत गोळा ओढून त्यामागे रंग सोडला असता वेक रुंदावत आणि मंदावत जाताना स्पष्ट दिसतो. त्याची रुंदी अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, असे पुस्तकात दिले आहे. स्वतःच्या पंख्यावर चालणाऱ्या पाणबुडीलाही हाच नियम लागू होतो का? आणि मुंबईसमोरच्या समुद्रात असा वेक शेवटी कसा नाहीसा होतो?

उत्तर: दादर_पश्चिम
घनमुळाचा नियम ओढलेल्या वस्तूपुरता आहे. तिने पाण्याला दिलेला संवेग वेकच्या प्रत्येक छेदात तेवढाच राहावा लागतो. त्यामुळे बाजूचे स्थिर पाणी आत ओढून घेत वेक जसा रुंदावतो, तसा त्यातील पाण्याचा वेग उतरतो. अंतर आठपट झाले की रुंदी दुप्पट होते आणि वेग चौथाईवर येतो. सरळ रेषेत एकसमान वेगाने जाणाऱ्या पाणबुडीत मात्र पंख्याचा रेटा आणि पाण्याचा रोध एकमेकांना तोलतात आणि निव्वळ संवेग जवळजवळ शून्य असतो. असा वेक सावकाश पसरतो, पण त्यातील सरासरी वेग अधिक लवकर मरतो. पाणबुडी वळली किंवा तिने वेग बदलला की हा तोल बिघडतो, हे सहसा विसरले जाते.

उत्तर: घारापुरी
हे सर्व एकसमान घनतेच्या पाण्यात खरे आहे. समुद्रात वर हलके आणि खाली जड पाणी असल्यास वर-खाली होणाऱ्या हालचालीला उत्प्लावक बल अडवते. वेकची उंची वाढायची थांबते, काही ऊर्जा अंतर्गत लाटांतून (पाण्याच्या थरांमध्ये आतल्या आत उठणाऱ्या लाटांतून) निघून जाते आणि उरलेली हालचाल थाळीसारख्या चपट्या, आडव्या भोवऱ्यांत साठते. द्रवगतिकीचे संशोधक जेफ्री स्पेडिंग यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच टप्प्यावर वेग घटण्याचा दर मंदावलेला आढळला. म्हणजे स्तरित पाण्यातील वेक अधिक काळ टिकतो, आणि मला सर्वांत रोचक वाटते ते हेच.

मुंबई बंदराची गोष्ट निराळी. उधाणाच्या वेळी तेथे भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. त्या जोरदार प्रवाहाची स्वतःचीच प्रक्षुब्धता (अनियमित खळबळ) एवढी असते की क्षीण झालेला वेक तिच्यात लवकर मिसळून जातो. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचे गोडे पाणी वर पसरले, तर स्तर काही काळ तयार होऊ शकतात.

प्रश्नकर्ता: माटुंगा_द्रव
मग आमच्या टाकीत हे चपटे भोवरे पाहता येतील का?

उत्तर: घारापुरी
येतील. तळाशी मिठाचे दाट पाणी आणि वर क्रमाने विरळ होत जाणारे पाणी हळूहळू भरावे. गोळा लहान घ्यावा, कारण वेक भिंतींना टेकला की मोजमापाला अर्थ उरत नाही.