मदत हवी आहे: परदेशात भाड्याच्या गाडीत फोनवर नकाशा लावला तर चालतो का? (ब्रिटन, जर्मनी)

आधी ब्रिटन, मग जर्मनी असा दौरा आहे. गाडीत नॅव्हिगेशन मिळेलच असं नाही, म्हणून फोनचाच नकाशा वापरणार. भारतात २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला नियमात सूट आहे, फक्त लक्ष विचलित होता कामा नये. तिकडेही तसंच आहे का? सिग्नलला फोन हातात घेतला तर?

स्टेपनी:
ती सूट विमानातच सोडा. ब्रिटनमध्ये फोन हातात असला की संपलं, मग तुम्ही नकाशा बघा नाहीतर गाणं बदला. पूर्वी पळवाट होती: कायदा फोनवरून 'संवाद' साधण्यापुरता होता, म्हणून हातात धरून चित्रीकरण करणारा चालक २०१९ मध्ये उच्च न्यायालयात सुटला. २५ मार्च २०२२ पासून ती बुजवली. आता फोटो काढणं, यादी सरकवणं, नुसता लॉक उघडणं, सगळं गुन्ह्यात येतं. फोन फ्लाइट मोडवर होता, हे सांगूनही उपयोग नाही. दंड २०० पौंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट.

सिग्नलला थांबलात तरी कायद्याच्या लेखी गाडी चालवतच आहात. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असली तरी तेच.

फोन स्टँडला लावलेला असेल तर नकाशा चालतो, पण काचेतून समोरचा रस्ता झाकला जायला नको. ब्लूटूथवर बोलायला बंदी नाही. मात्र गाडीवर नीट ताबा नाही असं पोलिसांना दिसलं तर त्याचे वेगळे ३ पॉइंट लागू शकतात.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. मग ड्राइव्ह-थ्रूला फोनने पैसे देतात ते कसं?

स्टेपनी:
त्याला सूट आहे, पण गाडी उभी हवी आणि पैसे यंत्राला फोन टेकवून द्यायचे. रांगेत पुढे सरकताना ॲप उघडू नका. दुसरी सूट ९९९ किंवा ११२ ला तातडीचा फोन करण्यासाठी, तीही थांबणं धोक्याचं किंवा अशक्य असेल तेव्हाच.

क्लचप्लेट:
जर्मनीचं मी सांगतो. तिथे उपकरण उचलणं किंवा धरणं हाच मुद्दा. खांदा आणि कान यांत फोन दाबून बोलणाऱ्यालाही कोलोनच्या न्यायालयाने 'धरला' असंच म्हटलंय. १०० युरो आणि १ पॉइंट. त्यातून कुणाला धोका झाला तर १५० युरो, २ पॉइंट आणि महिनाभर वाहनबंदी. स्टँडवरच्या स्क्रीनकडेही रस्त्याची परिस्थिती बघून ओझरतीच नजर टाकायची. पत्ता टाइप करत बसलात तर फोन स्टँडवर आहे ही सबब पुरत नाही. फोन हातात घ्यायचाच असेल तर गाडी उभी आणि इंजिन पूर्ण बंद हवं. आपोआप बंद झालेलं धरत नाहीत, किल्लीने किंवा बटणाने स्वतः बंद केलेलं हवं.

घोटाळा बहुतेक वेळा स्टँडमुळे होतो. एसीच्या जाळीत अडकवायचा क्लिप गोल जाळीला बसत नाही, आणि वजनदार फोन असेल तर पट्टीच खाली झुकते. व्हॅक्युमवाला स्टँड सोबत न्या आणि काच किंवा डॅशबोर्ड कोरडा पुसूनच चिकटवा. गाडी ताब्यात घेतल्यावर पार्किंगमध्येच पत्ता टाका, आवाज मोठा करा, मग निघा. वाटेत फोन पडला तर पायाशी चाचपडू नका. आवाजावर पुढे जा आणि विश्रांतीथांबा आला की आत घ्या. ऑटोबानच्या (जर्मनीतल्या द्रुतगती महामार्गाच्या) कडेला केवळ फोन उचलायला थांबणं हाही नियमभंगच.




प्रश्नकर्ता:
व्हॅक्युमवाला स्टँड यादीत टाकला.