अनुभव धागा : नवा पीसी जोडला, बटण दाबलं, पण चालूच होत नाही

स्वतः पीसी जोडणाऱ्याचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो तो पहिल्यांदा बटण दाबताना. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, हूं की चूं नाही. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, "मदरबोर्ड गेलाय," आणि माणूस चांगला बोर्ड खोक्यात घालून दुकानाची पायरी चढतो. माझ्या पाहण्यात अशा वेळी बोर्ड बहुधा ठणठणीतच निघालाय. म्हणून हा धागा. तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या पीसीला नेमकं काय झालं होतं, शंका कशावरून आली आणि शेवटी काय निघालं, ते सविस्तर लिहा.

"पॉवर येत नाही" आणि "डिस्प्ले येत नाही" यांची गल्लत मात्र नको. पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळी, हा रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा बायोसचा प्रांत. डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) चे काही पीसी तर पहिल्यांदा रॅमची जुळणी करण्यातच काही मिनिटं घेतात. त्यावर वेगळं बोलू.

सुरुवात मी करतो. एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, वीज मिळाली की बटण दाबण्याआधीच जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचलेले असतात. बटण दाबल्यावर बोर्ड हिरवी तार ग्राउंडला, म्हणजे काळ्या तारेला, जोडतो आणि मग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सुरू होतात. हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या येतात, तिथे २४ पिनच्या कनेक्टरवर पिन मोजाव्या लागतात: ५ व्होल्टची ९ वी, चालू करायची १६ वी. माझा मावसभाऊ नवा बोर्ड परत करायला निघाला होता. मल्टिमीटर लावला तर ९ व्या पिनवर शून्य. एसएमपीएस बदलला, बोर्ड आजही चालतोय.

आता तुम्ही लिहा.

कोल्हापूरहून

शेजारच्या मुलाने अकरावीच्या सुट्टीत पीसी जोडला होता. बोर्डावरचा दिवा लागलेला, बटणाला प्रतिसाद नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची बारीक तार बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ९ पिनांच्या जागेवर बसते. तिथे अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च लावून वाकावं लागतं. त्याने पॉवरची तार हार्ड डिस्कच्या दिव्याच्या पिनांवर बसवली होती. मी सगळ्या तारा काढल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवल्या. पंखे फिरले! त्या पोराचा चेहरा बघायला हवा होता. बटणाची तार उलटसुलट कशीही चालते. प्लस-मायनस बघायचं ते फक्त दिव्यांच्या तारांना.

नाशिकहून

एसएमपीएसच्या मागचं काळं बटण बघा. आय म्हणजे चालू, ओ म्हणजे बंद. वायर पूर्ण आत गेलीय का तेही बघा. आमच्या ऑफिसात एवढ्यावरच मिटलेलं मी पाहिलंय.

मुंबईहून

लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या "डेड" नव्या मशीनमध्ये एक दुखणं परत परत दिसतं, ते सांगतो.

कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खांब असतात, स्टँडऑफ म्हणतात. आधी मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड असलेल्या कॅबिनेटमध्ये एटीएक्स (मोठा) बोर्ड बसवला, किंवा उलट केलं, की खांबांच्या जागा बदलतात. एखादा खांब जुन्याच जागी राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. तिथे भोक नसतं, सोल्डरचे उघडे टाके असतात. झालं शॉर्ट. अशा वेळी एसएमपीएसचं संरक्षण लगेच काम करतं: पंखा एक झटका मारतो आणि थांबतो. पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही, कारण ते संरक्षण वीज काढून थोडं थांबल्याशिवाय सुटत नाही. लोकांना वाटतं पहिल्या झटक्यात बोर्ड जळला.

म्हणून आम्ही आधी बोर्ड बाहेर काढतो आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच कांडी, २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन. बाकी काही नाही. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये बंद पडला, तर दोष कॅबिनेटमध्ये शोधायचा: खांब, पुढची यूएसबीची तार, मागच्या पत्र्याची एखादी जीभ पोर्टात घुसलेली. ग्राहक समोर असेल तर मी हे त्याच्यासमोरच करतो. त्याच्या पैशाचा प्रश्न असतो, त्याने डोळ्यांनी बघावं.

नागपूरहून

मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या होणारा, एसएमपीएस वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. माझ्या चुलतभावाने नवा एसएमपीएस घेतला, पण जुन्याच्या तारा आधीच सुबक बांधून ठेवलेल्या होत्या म्हणून त्याच नव्याला लावल्या. कनेक्टर अगदी बरोबर बसले. पीसी चालू झाला नाही आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. बोर्डाकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला असतो. एसएमपीएसकडच्या टोकाला तसा कुठलाही नियम नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले. एका डिस्कवर काकांचे सगळे फोटो होते. तारा नेहमी त्याच खोक्यातल्या वापरा, कितीही सारख्या दिसल्या तरी.

न्यू जर्सीहून

इथे एका मित्राने भारतातून आणलेला जुना एसएमपीएस नव्या बोर्डाला लावला, तो सुरूच होईना. मागे लाल सरकपट्टी होती, २३० वर. इथे १२० व्होल्ट. पट्टी ११५ वर नेली आणि चालला. हे उलट मात्र कधी होऊ देऊ नका: ११५ वर ठेवून आपल्याकडच्या २३० च्या सॉकेटला लावला तर आतले कपॅसिटर धडाक्याने फुटतात. नवे बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप घेतात, त्यांना ही पट्टीच नसते.

छत्रपती संभाजीनगरहून

माझा प्रश्नच आहे. एलजीए १७०० (इंटेल प्रोसेसरचं सॉकेट) चा नवा बोर्ड, बोर्डावर दिवा आहे, बटण दाबलं की पंखा किंचित हलून थांबतो. मुंबईच्या दादांनी सांगितलं तसं खोक्यावर ठेवून पाहिलं, तरी तेच.

धागाकर्ता

ताई, वीज पूर्ण काढा आणि प्रोसेसरची ८ पिनची तार तेवढी सोडवा. मग वीज परत जोडून बटण दाबा. पंखा फिरत राहिला तर दोष त्या १२ व्होल्टच्या रस्त्यावर आहे. मल्टिमीटर असेल तर वीज काढलेली असतानाच, बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) ठेवून, बोर्डावरच्या त्या ८ पिनांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये तपासा. बोर्डावरचे कपॅसिटर चार्ज होताना क्षणभर वाजला तर चालेल, सतत वाजायला नको. एसएमपीएस मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही धक्का देतात.

छत्रपती संभाजीनगरहून

तार सोडवल्यावर पंखा फिरत राहिला. मीटर सतत वाजतोय. भावाने प्रोसेसर काढून पुन्हा तपासलं, तरी वाजतोय.

मुंबईहून

मग हा शॉर्ट प्रोसेसरमुळे नाही. बोर्डाच्या पॉवर सेक्शनमधला एखादा भाग, बहुधा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग), शॉर्ट असावा. हा खरोखर बोर्डाचा दोष, वॉरंटीत द्या. देण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटचा उजेडात, जवळून फोटो काढा, पिना सरळ दिसल्या पाहिजेत. सॉकेटवर आलेलं काळं प्लास्टिकचं झाकण परत बसवा. वाकलेल्या पिनेवर बोट ठेवून क्लेम नाकारतात, आणि ती कुणाच्या हातून वाकली हे नंतर सिद्ध करता येत नाही. बिल आणि खोक्यावरचा सिरीयल नंबरही सोबत घ्या.

छत्रपती संभाजीनगरहून

फोटो काढले, झाकण सापडलं. उद्या सकाळी भाऊ घेऊन जातोय.