ॲबिसिनिया म्हणणाऱ्यांना लाज वाटावी?

त्रिशंकू
1935 साली इटलीने केलेल्या हल्ल्यावरचा एक मराठी लेख काल वाचला. पानभर 'ॲबिसिनिया, ॲबिसिनिया'. अहो, देशाचं नाव इथिओपिया आहे! ॲबिसिनिया हे इंग्रजांनी चिकटवलेलं नाव. सिलोन टाकलं, सयाम टाकलं, तसं हेही टाका. अजून लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

शब्दवेडी
हे वाचून सकाळचा चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहिते. इंग्रजांची पापं भरपूर आहेत, पण हे त्यांच्या खाती मांडू नका. मूळ शब्द 'हबश'. अरबीतून तो युरोपात गेला, वाटेत 'ह' गळला, मागे लॅटिन शेपूट लागलं आणि इंग्रजीला आयता मिळाला. आपण 'हबशी' म्हणतो तो ह्याच घरातला, आणि तो वापरायला आपण कुठल्या साहेबाची परवानगी घेतली नव्हती.
आता तुमचा लाडका 'इथिओपिया'. हा ग्रीक. अर्थ, भाजलेल्या चेहऱ्याचे लोक. इजिप्तच्या दक्षिणेला जो कोणी काळा दिसेल तो ग्रीकांच्या लेखी इथिओपियन. तिथल्याच जुन्या अक्सुम राज्याच्या एझाना राजाचा चौथ्या शतकातला शिलालेख आहे. त्यात ग्रीक मजकुरात जिथे 'इथिओपियन' आहे, तिथे गीझ, म्हणजे तिथल्या प्राचीन भाषेतल्या, मजकुरात 'हबशत' आहे. परकं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

त्रिशंकू
ताई, शिलालेख पाठ आहेत, छान. पण 1889 च्या इटलीबरोबरच्या तहात मेनेलिक स्वतःला इथिओपियाचा राजाधिराज म्हणवतो. राजाचा शब्द धरायचा की अरब व्यापाऱ्यांचा? शिवाय अरबीत 'हबश' म्हणजे सरमिसळ, भेसळ, असं वाचलंय. असलं नाव गळ्यात बांधून घ्यायचं?

शब्दवेडी
भेसळवाली व्युत्पत्ती लोकांनी मागाहून लावलेली दिसते. दक्षिण अरबस्तानातल्या कोरीव लेखांत हा शब्द इस्लामच्या कितीतरी आधीपासून आहे. राजाचा मुद्दा मान्य. अर्धा.

पेन्शनर_काका
1868 चं कोणी नावच काढलं नाही! तिथल्या थिओडोर राजाच्या मग्दला गडावर चालून गेलेली इंग्रजांची फौज मुंबईची होती. सेनापती नेपियर, बॉम्बे आर्मीचा मुख्य. मुंबईहून गलबतांत भरून 44 हत्तीसुद्धा नेले होते. थिओडोर राजाने शेवटी स्वतःवर पिस्तूल झाडलं, आणि ते पिस्तूल व्हिक्टोरिया राणीनेच भेट पाठवलेलं. आज पुण्याच्या खडकीला असलेल्या बॉम्बे सॅपर्स ह्या लष्करी पथकाला तेव्हा 'ॲबिसिनिया' हा युद्धसन्मान मिळाला. तिथे जाऊन आता खाडाखोड करायची का?

मुरुडकर
काका, एवढ्या लांब कशाला जाता? जंजिऱ्याच्या सगळ्या मुलखाला हबसाण म्हणत. आमची आजी 1948 च्या आधीची, संस्थान विलीन झालं तरी शेवटपर्यंत 'मी हबसाणातली' असंच सांगायची. म्हणजे घ्या, मराठी ॲबिसिनिया इथेच, राजपुरीच्या खाडीवर.

सह्याद्री_७७
सिद्दीचा पुळका आला का? छत्रपतींना ज्याने आयुष्यभर त्रास दिला त्याच्या मुलखाचं नाव मिरवताय!

मुरुडकर
मिरवतोय कोण? आजीने पत्ता सांगितला, स्तुती नाही केली. आणि सिद्दी म्हटला की सगळे एका माळेचे नसतात. इथिओपियातल्या हारारच्या बाजूने गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथे निजामशाही सांभाळतो आणि मुघलांना जेरीस आणतो, त्याच्या फौजेत मराठे सरदार असतात. त्याचं काय करायचं?

सह्याद्री_७७
मग त्याने वसवलेल्या मराठवाड्यातल्या खडकीला आज काय म्हणायचं तेही सांगून टाका.

संपादक
ही वाट इथेच थांबवतोय. शहराच्या नावावर एकही प्रतिसाद ठेवणार नाही. दोन उडवलेत.

नीलाक्षी
शाळेत माझ्या रंगावरून मला 'हबशी' म्हणायचे. आठवीपर्यंत. तुम्ही व्युत्पत्ती खुशाल काढा, माझ्या कानांना तो शब्द अजून बोचतो. मिठाईच्या दुकानात 'हबशी हलवा' मागतानाही जीभ अडखळते.

शब्दवेडी
ह्यावर मी वाद घालणार नाही. मराठीत त्या शब्दाची शिवी झाली हे खरंच.

माऊ_मावशी
आमच्या ॲबिसिनियन मांजरीला काय म्हणायचं, इथिओपियन? तशी ती तिथली नाहीच म्हणे. जनुकं तपासणाऱ्यांनी तिचं मूळ हिंदी महासागराच्या आपल्याकडच्या किनाऱ्यांशी जोडलंय.

त्रिशंकू
मांजर राहिलीच होती.

आदिसहून_परत
वडील सत्तरच्या दशकात इथिओपियात गणित शिकवत. तेव्हा भारतीय मास्तर गावोगाव होते. नंतर मीही तिथे सहा वर्षं नोकरी केली. तिथली माणसं आपसात स्वतःला 'हबेशा' म्हणतात, अगदी अभिमानाने. रस्त्यावर इंग्रजीत 'बँक ऑफ ॲबिसिनिया'ची पाटी दिसते. जुन्या बँकेचं नाव 1931 मध्ये बदललं होतं, पुढे 1996 मध्ये नवी खाजगी बँक काढताना त्यांनी तेच नाव हौसेने परत घेतलं. म्हणजे लाज त्यांना नाही, तुम्हाला.
पण शब्दवेडी ताई, तुम्हीही फार हुरळू नका. एकदा जेवताना, आंबट घावनासारखी इंजेरा मोडता मोडता, मी एका सहकाऱ्याला 'तुम्ही हबेशा लोक' म्हणालो. त्याचा हात थांबला. "मी ओरोमो आहे, हबेशा नाही." डोंगराळ उत्तरेकडच्या अम्हारा-तिग्रे लोकांचं नाव सगळ्या देशावर पांघरलेलं त्याला चालत नव्हतं. 'इथिओपियन' म्हणा, म्हणाला, ते निदान कोणा एकाच्या घरचं नाही.

शब्दवेडी
हं. हे मला माहीत नव्हतं. आजच्या देशासाठी इथिओपियाच लिहीन. पण 1868 किंवा 1935 च्या इंग्रजी कागदांबद्दल लिहिताना ॲबिसिनिया राहणार. डॉ. जॉन्सनच्या 1759 च्या कथेतला रासेलसही ॲबिसिनियाचाच राजपुत्र राहील. चिपळूणकर पितापुत्रांनी त्याला मराठीत आणला म्हणून त्याचा पासपोर्ट बदलत नाही.

त्रिशंकू
बरं बाई. 'इंग्रजांनी चिकटवलेलं' हे शब्द मागे घेतो. 'लाज' तेवढी राहू द्या, निम्मे प्रतिसाद तिच्यामुळेच आलेत.

मुरुडकर
आणि हबसाण?

त्रिशंकू
ते तुमच्या आजीला विचारल्याशिवाय मी हात लावत नाही.