विषय: बाबांना अटॅक येऊन गेला, गावी काय सांभाळायचं?

नमस्कार मंडळी,
आमचं गाव दारव्ह्याजवळ. महिन्याभरापूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. नागपूरला नेऊन दोन स्टेंट टाकले, आता घरी आहेत. तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा चघळायची त्यांना सवय. आई फोनवर रडते, "खर्रा काही सुटत नाही त्यांचा." एवढ्या दुरून मी काय करू? कुणी यातून गेलंय का?

*

दादा,
आम्ही गेलोय, म्हणून आधी गोळ्यांचं सांगते. माझे बाबा आर्वीकडचे. बरं वाटायला लागलं तसं त्यांनी सहा महिन्यांत गोळ्या सोडल्या. "मले आता काई होत नाई, कायले खाऊ रोज?" वर्षाच्या आत दुसरा अटॅक आला. स्टेंटने अडलेली जागा तेवढी मोकळी होते, बाकी नसांत साचायचं ते साचतच राहतं. रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद होऊ देऊ नका. मी रोज व्हिडिओ कॉलवर डबा उघडून दाखवायला लावते. चिडतात. चिडू देत.

"ओढत नाही, चघळतो फक्त," हे तर ऐकूच नका. चघळलेल्या तंबाखूतलं निकोटिनही रक्तात जातं, नाडी नि बीपी वाढवतं. दुसऱ्या अटॅकच्या दिवशी बाबांच्या खिशात घोटलेल्या खर्र्याची पन्नी होती, सुपारी अजून ओली. रागावून काही सुटलं नाही, कारण त्यांना पानठेल्यावरची सोबत हवी होती. शेवटी मी त्यांच्या दोन मित्रांनाच फोन केला. आता तिघं मिळून वावरापर्यंत चालत जातात, मे महिन्यात तर पहाटे साडेपाचलाच. खिशात भाजलेली जवस नि बडीशेप. दहा मिनिटांपासून सुरुवात केली, अर्ध्या तासावर यायला तीन महिने लागले.

ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी घरात आहेच. हात आखडायचा तो गोळाभातावरच्या तेलाच्या धारेला, तर्रीला आणि लोणचं-पापड-ठेच्यातल्या मिठाला. दिवसाचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा.

आणि आईंना सांगून ठेवा: छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही. लगेच १०८.

*

ताई,
आत्ताच घरी कॉल केला, डबा उघडायला लावला. कालची रात्रीची गोळी तशीच होती. समोर बसवून आजची घ्यायला लावली, कालच्या सुटलेल्या गोळीचं डॉक्टरांना विचारतो. बाबांच्या मित्राचा नंबर आईकडून घेतलाय, उद्या सकाळी बोलतो.