विषय: पासायाची जहाजं आणि आस्तिगारागाची सायडर – पाडव्यानंतरची सहल

प्रेषक: मृणाल (दोनोस्तिया)

नमस्कार मंडळी,

यंदाचा पाडवा हॉलमध्ये न करता सगळ्यांनी मिळून कुठेतरी बाहेर जायचं, असं मंडळाच्या बैठकीत बोलणं झालं होतं. म्हणून हा बेत. पाडव्यानंतरचा शनिवार, उत्तर स्पेनमधल्या आमच्या बास्क किनाऱ्यावर, सोबत इथली एक वाटाडी.

सकाळी पासाया. दोनोस्तियाच्या (म्हणजे सान सेबास्तियानच्या) पूर्वेला, डोंगरांच्या चिमटीत लपलेलं बंदर आहे. समुद्राकडून येणाऱ्या जहाजाला तोंड जवळ येईपर्यंत ते दिसतही नाही. तिथल्या सान पेद्रोत ‘अल्बाओला’ नावाचा कारखाना-कम-संग्रहालय आहे. १५६३ साली याच बंदरात ‘सान हुआन’ हे देवमासे मारायला जाणारं जहाज बांधलं गेलं. ते १५६५ साली कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर, रेड बेमध्ये वादळात बुडालं. अल्बाओलात २०१४पासून त्याच मापाची प्रतिकृती बांधायला घेतली, तीही त्या काळच्या हत्यारांनी. ओक साकानाच्या खोऱ्यातला, कणा बीचच्या लाकडाचा, भेगांत हेंपचे (भांगेच्या जातीच्या झाडाचे) धागे आणि वर डांबर. जंगलात पूर्वी झाडांना लहानपणापासून फांद्या छाटून वळण लावत, म्हणजे पुढे जहाजाच्या फासळीला हवा तसा बाक आयताच मिळे. शंभर वर्षांनी लागणाऱ्या लाकडाची तजवीज आधीच करून ठेवणारे लोक!

मग होडीने समोरच्या दोनिबानेला. अंतर हाकेचं. या खाडीतल्या होड्या पूर्वी बाया वल्हवत असत, त्या ‘बातेलेरा’ इथे प्रसिद्ध होत्या. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो १८४३ साली इथे राहून गेला, ते घर बघता येतं.

दुपारी आस्तिगारागा. आधी सायडरचं (सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूचं) संग्रहालय आणि सफरचंदाची बाग, मग सागार्दोतेगीत, म्हणजे सायडर गाळणाऱ्यांच्या खानावळीत, जेवण. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत थेट पिंपातून सायडर प्यायचा मोसम असतो, त्याला ‘चोच’ म्हणतात (हो, चोचच, हसून घ्या).

येणाऱ्यांनी या मेललाच उत्तर द्या. व्यक्तिगत मेल करू नका, मग माझ्याकडून हरवतात.

मृणाल

---

प्रेषक: वसंतकाका (माद्रिद)

मृणाल,

बेत चांगला, पण एका दिवसात फार कोंबतेस. माद्रिदहून येणाऱ्यांना रेल्वेतच पाच तासांवर जातात. संग्रहालय, होडी, पुन्हा संग्रहालय, मग जेवण! माझ्या वयाची माणसं लाकडाचे ढिगारे बघत किती उभी राहणार? त्यापेक्षा दुपारी थेट सायडरला भेटू, गप्पा मारू, रात्री परत. ज्यांना जहाजाची हौस आहे त्यांनी आदल्या दिवशी येऊन पाहावं. दोन वेगळे विषय एका सहलीत शिवायचं कारण मला तरी दिसत नाही.

आणि दर वेळी बास्क प्रांतच का? आमच्या सेगोव्हियात काय वाईट आहे?

वसंत

---

प्रेषक: सुनीती (बार्सिलोना)

मृणालताई, आम्ही चौघं येतोय. मुलांना जहाज दाखवायचंच आहे. फक्त जेवणाचं स्पष्ट लिही. मी अंडंही खात नाही आणि मला चैत्री नवरात्र आहे. ‘शाकाहारी सोय आहे’ एवढ्यावर आता माझा विश्वास नाही. मागच्या खेपेला एका हॉटेलात सॅलडवर ट्यूना आला होता.

---

प्रेषक: मृणाल

काका, सेगोव्हिया पुढच्या वर्षी, आणि आयोजन तुम्ही करायचं. आता मुद्द्याचं.

हे दोन विषय नाहीतच. त्या जहाजांवर गोडं पाणी काही आठवड्यांत खराब व्हायचं, म्हणून खलाशांना प्यायला सायडर भरत. माणशी दिवसाला सुमारे ३ लिटर असा हिशेब इथे सांगतात. लॅब्राडोरला जाणारं जहाज उन्हाळाभर तिकडे राहणार, म्हणजे पोटात सायडरची किती पिंपं लागत असतील बघा. सफरचंदाची बाग नसती तर गलबत बंदराबाहेर पडलं नसतं. परत येताना तीच जहाजं देवमाशाचं तेल घेऊन येत. त्यावर युरोपातले दिवे जळायचे, साबण व्हायचा. सान हुआनवर तेलाची जवळजवळ १,००० पिंपं मावत. खलाशांची मजुरीही तेलाच्या वाट्यात ठरलेली असे.

आणि सागार्दोतेगीतलं जेवण बघा. पहिलं पान कॉड माशाचं ऑम्लेट, दुसरं कॉड आणि मिरच्या. कॉड काही सफरचंदाच्या बागेत उगवत नाही. तो कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंडच्या बाजूने खारवून आलेला. सकाळी जहाज न बघता दुपारी ते ऑम्लेट खाल्लंत तर अर्धी गोष्ट ताटातच राहील. बसायला अल्बाओलात बाकं आहेत, काका.

सुनीती, खरं ते लिहिते. ठरलेला मेनू कॉडचं ऑम्लेट, कॉड, चुलेता म्हणजे जाडजूड गोमांस, शेवटी इदियाझाबाल चीज, सफरजलाचा घट्ट मुरंबा आणि आक्रोड. ते चीज मेंढीच्या दुधाचं, पण विरजणाला जनावरी रेनेट (जनावराच्या जठरातला, दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात, तेव्हा तेही तुला चालणार नाही. भाजलेल्या मिरच्या, सॅलड, पाव, मुरंबा, आक्रोड एवढं आपल्याला वेगळं मिळेल. मी मालकिणीशी बोलले आहे आणि ट्यूनाचं दोनदा बजावलं आहे. नवरात्रासाठी वरीचे तांदूळ डब्यात आण. गोमांस न खाणाऱ्यांसाठी वेगळं टेबल मात्र करणार नाही, एकत्रच बसू. मुलांना सफरचंदाचा रस.

---

प्रेषक: अन्वय (बिलबाओ)

मी येईन, पण एक टोचतंय. देवमाशांची कत्तल हा ‘वारसा’ म्हणून मिरवायचा? याच किनाऱ्यावर ओरियोत १९०१ साली शेवटचा मारला, आणि आज उत्तर अटलांटिकमध्ये ती ‘राइट व्हेल’ जात चारशेपेक्षाही कमी उरली आहे. वाटाडीला हे विचारलं तर चालेल ना, की सुट्टीच्या दिवशी गोडगोडच ऐकायचं?

---

प्रेषक: शर्वरी (तुलूझ)

अन्वय, जरूर विचार. तिने उत्तर टाळलं तर मीही विचारीन.

मृणाल, तुझ्या हिशेबात माझी एक भर. ‘सायडरमुळे बास्क खलाशांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) होत नसे’ असं तिथे हमखास ऐकू येईल. डॉक्टर म्हणून सांगते, हे अर्धवट आहे. आंबवलेल्या सायडरमध्ये क जीवनसत्त्व फारच थोडं उरतं. पण अगदीच थापही नाही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले सर्वांत लवकर बरे झाले, आणि त्यांच्यानंतर ज्यांना थोडा गुण आला ते सायडरवाले. म्हणजे जुन्या बास्क कप्तानांचा अनुभव खोटा नव्हता, कारण मात्र आज सांगतात तितकं सरळ नाही.

मी आणि नवरा, दोघं. तो गाडी चालवणार नाही, तेव्हा बसमध्ये जागा धर.

---

प्रेषक: प्रसाद (बोर्दो)

मंडळी, आम्हा गोंयकारांना ‘चोच’ समजावून सांगायला नको. मार्च-एप्रिलात काजूचा हुर्राक निघतो तसंच हे. मोसमात प्यायचं, साठवायचं नाही. इथला नियम लक्षात ठेवा. कोणीतरी ‘चोच!’ ओरडलं की ताटं सोडून सगळे पिंपाकडे. मालक तोटी उघडतो, लांबून बारीक धार येते. ग्लास तिरका धरून धार काचेच्या कडेवर झेलायची, म्हणजे फेस फुटतो. दोन बोटं भरलं की बाजूला व्हायचं आणि मागच्याने धार न तोडता आपला ग्लास पुढे करायचा. ग्लास काठोकाठ भरून गप्पा मारत उभं राहिलात तर मागची रांग तुमच्याकडे बघत बसेल. घोटभर प्यायचं, पुन्हा जेवणाला. ताकद साधारण बिअरहून थोडी जास्त, पण आंबट लागते म्हणून कळत नाही.

हे पूर्वी गिऱ्हाइकांचं चाखणं होतं. कुठल्या पिंपातली विकत घ्यायची ते ठरवायला लोक यायचे, सोबत स्वतःची भाकरतुकडी आणायचे. त्यातून पुढे जेवणाची खानावळ झाली.

एक सूचना. आमचा गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, १५०६ साली नवारातल्या हाविएरच्या गढीत जन्मला, आणि त्याची मातृभाषा बास्क होती. जुन्या गोव्यात त्याचे अवशेष आहेत. ती गढी या वाटेवर नाही हे मला ठाऊक आहे, पण रविवारी कोणाला यायचं असेल तर माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

---

प्रेषक: मृणाल

प्रसाद, गढीची सहल वेगळ्या मेलमध्ये काढ, नाहीतर वसंतकाका म्हणतील की आणखी एक विषय शिवला.

अन्वय, तुझा प्रश्न वाटाडीला आधीच पाठवला आहे. तिचं म्हणणं, संग्रहालयात हे लपवलेलं नाही. त्याशिवाय एका दिवंगत बाईंचं काम तिथे भेटेल, त्यांच्याबद्दल वाचून ये, सेल्मा हक्सली बार्कहॅम. विधवा, पदरी चार मुलं. १९७०च्या दशकात त्या इथे राहिल्या आणि ओन्याती गावच्या दफ्तरखान्यात सोळाव्या शतकातले करार, विमे, दावे, मृत्युपत्रं चाळत बसल्या. मोडी वाचणारा माणूस जसा जुन्या रुमालांत डोकं घालून बसतो तशा. त्या कागदांवरून त्यांनी लॅब्राडोरमधली बास्क ठाणी नकाशावर शोधून काढली, आणि १९७८ साली कॅनडाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना रेड बेच्या तळाशी ते जहाज सापडलं. तिथे किनाऱ्यावर लाल कौलांचे तुकडे पडलेले होते. देवमाशाची चरबी कढवण्याच्या भट्ट्यांवर टाकायला बास्क लोक कौलंसुद्धा घरून नेत. त्याच कागदांत १५७७ साली तिकडे मरणाऱ्या एका खलाशाचं मृत्युपत्रही आहे. कत्तलीचा हिशेब मांडायचा तर त्या माणसांचाही मांडावा लागेल, असं माझं मत. पटलं नाही तर बसमध्ये भांडू.

काका, तुमच्यासाठी फेरफार केला आहे. आस्तिगारागाचं संग्रहालय ऐच्छिक. ज्यांना नको ते बागेत बसतील, सावली आहे. माद्रिदवाल्यांनी शुक्रवारी रात्रीच या. आमच्याकडे चार जणांच्या गाद्या आहेत, बाकीच्यांची शेजारी विचारते. बोर्दो-तुलूझवाल्यांनी सरहद्दीवरच्या आंदाईपर्यंत रेल्वेने यावं, तिथून तोपो नावाची छोटी गाडी दोनोस्तियाला आणते.

बस दोनोस्तियाहून सकाळी ९ला निघेल. पासायात रबरी तळाचे बूट घाला, धक्का ओला असतो. जेवणाचे पैसे मी भरते, नंतर मंडळाच्या खात्यावर टाका. नावं या रविवारपर्यंत. सुनीती, मुलांची वयं कळव, तिकिटं त्यावर ठरतात.

---

प्रेषक: वसंतकाका

दोन नावं लिही. गादी खिडकीजवळची.