खांद्याचे हाड तासल्यानेच दुखणे थांबते, हे कशावरून?

उजवाहात (धागाकर्ता)

"खांदा दुखत असेल तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून मोकळे व्हा. हाडाचे टोक तासले की विषय संपला. व्यायामात वर्ष घालवतात ते भित्रे." जुना_गोलंदाज यांनी काल एका रुग्णाला दिलेला हा सल्ला वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या शस्त्रक्रियेमागचा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. हात वर नेताना ॲक्रोमिऑन (खांद्याच्या वरचे हाडाचे टोक) आणि दंडाच्या हाडाचे डोके यांच्यामधल्या जागेत रोटेटर कफचा (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या समूहाचा) स्नायुबंध व बर्सा (घर्षण कमी करणारी द्रवाची पिशवी) चिमटतात, म्हणून वरचे हाड खालच्या बाजूने तासून जागा मोकळी करायची. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी 1972 साली ही मांडणी केली आणि 1983 मध्ये तर कफ फाटण्याच्या 95 टक्के प्रकरणांचे मूळ या चिमटण्यातच आहे, असे लिहिले. पुढे दुर्बीण आली, छेद लहान झाले, शस्त्रक्रिया वाढल्या. मात्र रुग्णाला बरे वाटते ते हाड तासल्यामुळेच का, हे नीट तपासायला चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

ब्रिटनमधील 313 रुग्णांच्या चाचणीत तीन गट होते. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि टाके घातले, तिसऱ्यावर काहीच उपचार केले नाहीत. निष्कर्ष 2017 च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा महिन्यांनंतर खांद्याच्या स्थितीचे 48 पैकी सरासरी गुण (जास्त गुण म्हणजे खांदा अधिक चांगला) अनुक्रमे 32.7, 34.2 आणि 29.4 होते. दुर्बीण घालूनही ज्यांचे हाड तासलेच नाही, तो गट किंचित पुढेच होता! शस्त्रक्रिया झालेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा थोडे सरस ठरले हे खरे, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. मग 'विषय संपला' हे कोणत्या आधारावर म्हणायचे?

जुना_गोलंदाज

आपले आकडे आपल्याला लखलाभ. ज्याचे जळते त्याला कळते. त्या कुशीवर झोपता येत नव्हते, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना आधी दुखरा हात, मग दुसरा, असा क्रम ठरवावा लागत होता, आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला की सणक थेट दंडात उतरत असे. इंजेक्शने झाली, रबरी पट्टा ओढून झाला. शस्त्रक्रियेनंतर मी शांत झोपू लागलो. माझा खांदा बरा झाला, हा पुरावा आपल्याला चालत नसेल तर तो आपला प्रश्न आहे.

उजवाहात

आपला खांदा बरा झाला याबद्दल मला शंका नाही, आनंदच आहे. प्रश्न एवढाच आहे की तो कशामुळे बरा झाला. शस्त्रक्रियेनंतर आपण काही आठवडे हात जपला असेल, पुन्हा शिस्तीने व्यायाम केला असेल, आणि दुखणे शिगेला पोहोचले असतानाच शस्त्रक्रिया झाली असेल, म्हणजे त्यानंतर ते उतरणारच होते. यांतले काय उपयोगी पडले, हे एकट्या खांद्याकडे पाहून सांगता येत नाही; तुलना त्यासाठीच करतात.

छेदबिंदू

ही शस्त्रक्रिया मी अनेक वर्षे केली आहे, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांनी चाचणीतली अडचणीची बाजू सोयीस्करपणे वगळली आहे. सहा महिन्यांपर्यंत पहिल्या गटातील 23 टक्के, दुसऱ्यातील 42 टक्के आणि तिसऱ्यातील 12 टक्के रुग्णांना ठरवून दिलेला उपचार मिळालाच नव्हता. गट एकमेकांत इतके मिसळल्यावर फरक पुसट होणारच. शिवाय 'दुखरा खांदा' या एकाच पोत्यात नाना तऱ्हेचे रुग्ण भरले जातात. अनुभवी सर्जन निवडून शस्त्रक्रिया करतो.

उजवाहात

मिसळ झाली, हे मान्य आहे. पण फिनलंडमध्ये 210 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा झाला आणि 2018 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, तेव्हाही हाड तासणे आणि नुसते डोकावणे यांत रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक दिसला नाही. निवडीबद्दल म्हणाल, तर ब्रिटिश चाचणीतल्या रुग्णांना किमान तीन महिने दुखत होते, व्यायाम आणि किमान एक स्टिरॉइडचे इंजेक्शन होऊन गेले होते, आणि पूर्ण फाटलेला कफ असलेल्यांना त्यात घेतलेच नव्हते. आपण दवाखान्यात निवडता ते याहून वेगळे कोण?

प्रश्नांकित

मूळ वाद बाजूला राहू द्या. एका माणसाला भूल द्यायची, खांद्याला भोके पाडायची, आत काहीही न करता टाके घालायचे आणि त्याला सांगायचेही नाही, याला विज्ञान म्हणतात? इथे कोणालाच याचा संताप कसा येत नाही?

उजवाहात

रुग्णांनी हे सर्व समजून घेऊन संमती दिली होती. आपला गट कोणता, एवढेच त्यांच्यापासून लपवले होते. गुडघ्याबाबतही 180 रुग्णांवर अशीच चाचणी होऊन 2002 साली ती प्रसिद्ध झाली, आणि झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ करणे हे लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस नसल्याचे उघड झाले. शेकडो रुग्णांना परवानगीने फसवण्यापेक्षा लाखो रुग्णांवर न तपासलेली शस्त्रक्रिया करत राहणे अधिक नैतिक आहे, असे आपले म्हणणे आहे का?

प्रश्नांकित

माझ्या तोंडी शब्द घालू नका. सहीच्या कागदावर काहीही लिहिता येते. रात्र रात्र जागलेला माणूस सुटकेच्या आशेने सही करतो. ती संमती किती मोकळी, हे विचारायचे नाही का? त्यातल्या एकाला जरी जंतुसंसर्ग झाला असता, तर त्याला काय सांगितले असते? "आपण आकडेवारीच्या कामी आलात" असे?

छेदबिंदू

जोखमीचा बाऊ नको. त्या चाचणीत एकूण सहा गुंतागुंती नोंदल्या गेल्या, त्या सर्व खांदा आखडण्याच्या, आणि प्रत्येक गटात दोन. म्हणजे ज्यांना कोणी हात लावला नाही, त्यांच्यातही दोन!

जुना_गोलंदाज

घ्या! जोखीमही नाही, आणि नुसत्या भोकांनी बरे वाटते हे धागाकर्ते स्वतःच सांगतात. मग मला ती भोकेच पाहिजेत. मनाच्या समजुतीने झोप लागत असेल, तर ती झोप खोटी असते काय?

उजवाहात

झोप खरीच असते. परंतु त्यासाठी हाड कायमचे तासण्याचे कारण काय? आणि डॉक्टरांनी "याने जागा मोकळी होईल" असे सांगायचे की "याने आपल्या मनाची समजूत पटेल" असे? दुसरे वाक्य ऐकून आपण भूल घ्यायला तयार झाला असता का, याचे प्रामाणिक उत्तर द्या.

जुना_गोलंदाज

प्रामाणिकपणाचे धडे आपल्याकडून नकोत. (तयार झालो नसतो. झाले समाधान?)

चढती_पायरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे सगळे 'व्यायाम केला' म्हणतात, म्हणजे नक्की काय केले, हे कोणी सांगत नाही. रबरी पट्टा आठवडाभर ओढायचा, दुखले की सोडायचा, आणि "व्यायामाने काही झाले नाही" म्हणत सर्जनकडे जायचे. स्नायुबंधावर टप्प्याटप्प्याने भार वाढवत किमान बारा आठवडे काम करावे लागते. त्यातच एमआरआयचा अहवाल रुग्णाच्या हाती पडतो आणि त्यातले 'अंशतः फाटलेला' हे शब्द वाचून तो हात उचलणेच बंद करतो. खांदा मुळीच न दुखणाऱ्या, 40 ते 70 वयाच्या 51 पुरुषांची सोनोग्राफी केली, तेव्हा 96 टक्के खांद्यांत काही ना काही दोष सापडला होता, हे त्यांना कोण सांगणार?

छेदबिंदू

मॅडम, आकड्यांची तलवार दुधारी असते. 2021 साली 'लॅन्सेट'मध्येच 708 रुग्णांची चाचणी आली. त्यात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा सत्रांपर्यंत वाढत्या भाराचा व्यायाम करणारे आणि एकाच भेटीत नीट सल्ला घेऊन घरी व्यायाम करणारे, वर्षभरानंतर सारखेच होते. माझ्या कात्रीवर जो न्याय लावता, तो आपल्या वेळापत्रकालाही लावा.

चढती_पायरी

तो लागू होतो, आणि त्या चाचणीनंतर मी बहुतेकांना कमी वेळा बोलावते. आपणही शस्त्रक्रिया कमी केल्या असतील, अशी आशा आहे.

छेदबिंदू

केल्या आहेत. 2019 मध्ये 'बीएमजे'च्या तज्ज्ञगटाने या शस्त्रक्रियेच्या विरोधात ठाम शिफारस केल्यावर नुसत्या दुखण्यासाठी हाड तासणे मी जवळजवळ थांबवले. धागाकर्त्यांचा सूर मात्र आजही पटत नाही.

नवा_रुग्ण

कालचा प्रश्न विचारणारा मीच. वादातून मला एवढेच कळले की घाई नको. पण डॉक्टरांना नेमके काय विचारू?

उजवाहात

दुखणे नक्की कशाचे आहे, ते आधी विचारा. दुसऱ्याने हात धरून फिरवला तरी तो बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर खांदा आखडलेला असू शकतो आणि त्याचा मार्ग निराळा आहे. कॅल्शियम साठले आहे का आणि कफ पूर्ण फाटला आहे का, हेही विचारा. यांपैकी काही नसेल, तर हाड तासून व्यायामापेक्षा जास्त काय मिळेल, हे आकड्यांत सांगायला लावा.

छेदबिंदू

त्यात एक भर घाला, नाहीतर हा धागा वाचून कोणीतरी घरी बसून राहील. पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात अचानक उचलता येईनासा झाला असेल, तर बारा आठवडे पट्टा ओढत बसू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या. ताजा फाटलेला कफ वेळेत शिवता येतो. उशीर झाला तर स्नायू आक्रसतो आणि मग कोणाचीच चाचणी कामी येत नाही.